तीन बोटं जागा

"चार इंच खाली घे. पण टायर कुठंच घासाले नाई पाह्यजे," भूपेंद्र म्हणाला. "रिकामी गाडी नाई म्हणत मी. मागच्या डाल्यात नऊ क्विंटल धरून चाल."

कैलास पिकअपखाली उताणा पडला होता. मागची चाकं उतरली होती, एक मडगार्ड अर्धं कापून झालं होतं. खालूनच त्यानं विचारलं, "एवढं काय भरता शेठ?"

"तुले काय कराचं हाये? सामान हाये. अन् हलतं सामान हाये, झटका नाई बसाले पाह्यजे. पाचले निघाचं हाये, बस."

कैलासचा पाना हातातच थांबला.

हिंगणघाटच्या बाजारात भूपेंद्रचं कापडाचं दुकान. सरळ माणूस म्हणून नाव. पण सरळ माणूस मालाची गाडी खाली कशाला बसवेल? सकाळी तर म्हणाला, शौक आहे! शौकाच्या गाडीत नऊ क्विंटल कोण घालतं? कैलासला हे गणित चांगलं ठाऊक होतं. भरलेली गाडी मागून दबलेली दिसते आणि नाक्यावरचा शिपाई आधी तेच बघतो. गाडी मुळातच दबलेली असली, तर भरलेली काय नि रिकामी काय, कोणाला कळणार? आणि दारूबंदीच्या या जिल्ह्यात लपवून न्यायचं, झटका न सोसणारं सामान दुसरं कोणतं असतं?

तीन वर्षांपूर्वी त्यानं एका टेम्पोला दुहेरी तळ करून दिला होता. कशासाठी, ते विचारलं नव्हतं. टेम्पो बाटल्यांसकट पकडला गेला आणि कैलास चाळीस दिवस आत बसला. सुटून आला तेव्हा त्याची बायको छाया दारातच उभी होती. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "आता तुमच्या हातून एक बाटली जरी पुढं गेली, तर मी आचलले घेऊन माहेरी जाईन. मंग घ्याले येऊ नका." आचल त्यांची एकुलती लेक, यंदा कॉलेजात गेलेली. छायाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि आता बसा! गाडी उघडून पडली होती, मडगार्ड कापलं होतं, मालक खुर्ची टाकून समोर बसला होता. काम अर्ध्यावर टाकलं तर भूपेंद्र दुसऱ्या गॅरेजात जाईल, माल जायचा तो जाईलच.

त्यानं काम केलं. चांगलंच केलं, त्याच्या हाताला वाईट काम जमतच नव्हतं. कमानपाटा एक्सलच्या खालून घेतला, मधे लोखंडी ठोकळे बसवले. मडगार्डची आतली पट्टी ग्राइंडरनं कापली, उरलेला काठ हातोडीनं वर वळवला. मग मडगार्डला आतून ओला चुना फासला, शेजारच्या टपरीवरचे बारा गडी डाल्यात बसवले आणि गाडी खड्ड्याखुड्ड्यांतून फिरवून आणली. ही त्याची जुनी रीत. टायर जिथं घासेल, तिथला चुना निघतो.

भूपेंद्रनं वाकून पाहिलं. चुना जसाच्या तसा. टायर आणि मडगार्डच्या मधे त्यानं बोटं घालून पाहिली. तीन बोटं आरामात जात होती.

"वा रे उस्ताद! मानलं तुले."

"एक नट कसाचा राह्यला," असं म्हणत कैलास पुन्हा खाली शिरला.

नटबिट काही राहिला नव्हता. त्यानं पहार लावली आणि मागच्या डाव्या चाकावरचा काठ पुन्हा खाली ओढला. कापलेली कड, सुरीसारखी धारदार. रिकाम्या गाडीत ती टायरला लागली नसती. नऊ क्विंटल पडले की प्रत्येक खड्ड्यात थोडं थोडं रबर कापलं जाणार, आणि जाम गावच्या नाकाबंदीपर्यंत टायर फुटणार. बसू दे तिथंच, पोलिसांच्या पुढ्यात! उद्या छायाला तो हाच काठ दाखवणार होता. बघ म्हणावं, नाही जाऊ दिली पुढं.

ड्रायव्हरचा विचार मनात येऊन गेला. भरलेली गाडी हळूच चालते, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

तो बाहेर आला तर भूपेंद्र डाव्या चाकाजवळ वाकलेला, हात आत घालायच्या बेतात.

"हात नका घालू शेठ!" कैलास ओरडला. "कड गरम हाये अजून. बोटं भाजतीन."

भूपेंद्रनं हात मागं घेतला. "बरं, या गाडीचं कोनाले सांगू नको. घरीबी नाई."

"मी काऊन सांगू?"

पाचला गाडी गेली. कैलासनं रॉकेलनं हात धुतले, चहा मागवला. तीन वर्षांत पहिल्यांदाच छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं.

अर्ध्या तासानं छायाचा फोन आला. फोनमध्ये वारा नुसता घोंघावत होता.

"आयकता का? सैपाक झाकून ठेवला हाये, जेवून घेजा. मले उशीर होईन."

"कुठं हायेस तू? एवढा वारा काऊन?"

"आता सांगाले हरकत नाई. आमी महिला मंडळाच्या सोळा जणी दारूची भट्टी फोडाले चाललो. पोलीस पुढं भेटणार हायेत. तुमच्या गॅरेजात नाई नाई ते लोक बसतात, बातमी फुटली असती. म्हणून मीच भूपेंद्रभाऊले गप राह्याले सांगतलं. त्याईची माय कौशल्याबाई आमची पुढारी, पण तिचे गुडघे गेले ना! उंच डाल्यात चढताच येत नोतं. आज कशी चटकन चढली म्हातारी!"

"छाया, गाडी थांबव," कैलास म्हणाला. "थांबव आधी!"

"काय म्हणता? आयकूच नाई येऊन राह्यलं. गाडी मस्त पळून राह्यली. बाया आधी भेत होत्या, एवढी खाली केलेली गाडी पाहून. मी म्हटलं, आचलच्या बाबानं सोताच्या हातानं केली हाये, भ्याचं काय त्यात? मी तर आचललेबी संगं आणलं."