खंडेनवमीचं कुंकू

खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची, ही रीत गावाबाहेरच्या त्या धावपट्टीवरही चुकत नसे. हेमांगी कुंकवाची वाटी घेऊन विमानाच्या पुढे, थेट पंख्यासमोर जाऊन उभी राहिली. मागच्या वर्षी याच जागी, बॅटरी उतरली म्हणून, तिचा नवरा हाताने पंखा फिरवून इंजिन चालू करताना गेला होता. तेव्हा आत त्याचा भागीदार उदयन बसला होता. "स्विच बंदच होता हो, वहिनी," हे पालुपद तो वर्षभर आळवत होता.

आताही आत तोच होता. अर्धं विमान आता हेमांगीच्या नावावर होतं आणि ते विकायला ती काही केल्या तयार नव्हती.

"भाऊजी, स्विच बंद आहे ना?"

"अगदी बंद. तुम्ही बिनधास्त पूजा करा."

नव्या विमानांना हल्ली डोळे असत. समोर माणूस दिसला की इंजिन चालूच होत नसे. आपल्या जुन्या विमानाला असली थेरं नकोत, असं उदयन म्हणायचा. हेमांगीने ते डोळे परवा गुपचूप बसवून घेतले होते. "एरवी हे गप्प असतात, ताई," मेकॅनिक म्हणाला होता. "कुणी इंजिन चालू करायला गेलं, तरच बोलतात."

कुंकवाचं बोट तिने पात्यावर टेकवलं.

"समोर माणूस आहे," विमान अदबीने म्हणालं. "कृपया बटण सोडा."

आणि क्षणभर थांबून त्याला पुन्हा तेच सांगावं लागलं.