ढेकळं

घाटमाथ्यावरच्या चौकीत शिवलीला मेलेल्या सासूच्या टाचा ब्रशनं घासत होती. नीलव्वा पहाटे वारल्या होत्या, पण गावात खड्डाच खणता येईना. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती भेगाळूच नये म्हणून तिच्यात जीवाणू सोडले होते. त्यांनी सगळं शिवार दगडासारखं बांधून टाकलं. पहार आपटली की ठिणगी उडायची. कोकणातल्या भुसभुशीत तांबड्या मातीपर्यंत ही लागण अजून पोचली नव्हती, म्हणून दीर बसवराजनं टेम्पो इकडे आणला होता.

"टाचांच्या भेगांत अजून काळी माती आहे, ताई," चौकीवरची अधिकारी बाई म्हणाली. "ही खाली गेली तर आमचीही जमीन जाईल."

"आत्याबाई जन्मभर रानात राबल्या. किती घासू?"

"मग इथंच दहन करा. राख नेऊ देईन."

"आमच्यात जाळत न्हाईत, बाई. मातीत बसवून पुरत्यात."

बाईनं मान खाली घातली, पण फाटक उघडलं नाही. शिवलीलानं पुन्हा ब्रश उचलला. कातडी सोलवटली, तरी काळं निघेना. अखेर तिनं सासूचे पाय पदरानं पुसले आणि दिराला टेम्पो वळवायला सांगितलं.

नीलव्वांना त्यांच्याच रानात, उघड्या जमिनीवर बसवलं. शेवटच्या नांगरटीत निघालेली ढेकळं दगड होऊन तशीच पडली होती. दोघांनी ती त्यांच्याभोवती रचली. शेवटचं ढेकूळ ठेवल्यावरही फटीतून कपाळावरचं भस्म दिसत राहिलं. फट बुजवायला रानात चिमूटभरही माती नव्हती.