रस्त्यावरचा काळा पाइप

गाड्या भरपूर मोजल्या गेल्या तरच सौंदडजवळच्या आमच्या गावाचा रस्ता पक्का होणार होता. मोजणारा माणूस कोणाला दिसला नाही, तरी आठवडाभर गावाची वरातच निघाली: ट्रॅक्टर, फटफट्या, डिंपलची स्कूटी, फेरीवर फेरी, धुळीवर धूळ.

शनिवारी मोजणीचे साहेब आले. रस्त्यावर आडवी टाकलेली काळी रबरी नळी त्यांनी तपासली. तिच्यावरून चाक गेलं की यंत्रात गाडी मोजली जाते. यंत्रात शून्य.

"एकही गाडी गेली नाही?"

उमरावकाकांची छाती फुगली.

"लय गेल्या ना साहेब. पर कोनाच्या तरी धानाले पानी देऊन राहिला हा पाइप, म्हणून मीच इथं उभा राहून सगळ्यायले बाजूच्या पडीत वावरातून वळवलं."