वेसेलच्या नावाचं पाकीट

ओटिलीने कागद तळघराच्या झरोक्याशी नेला. अंधारात आपण चुकीचं वाचलं असेल, असं तिला वाटलं. पण अक्षर तेच होतं.

कोर्टाच्या तळघरात नवा बॉयलर बसणार होता. जुनी कपाटं रिकामी करायचं काम तिच्याकडे, काउंटीच्या कारकुनाकडे आलं होतं. एकोणीसशे अठराच्या खणात तिच्या बापाच्या नावाचं पाकीट निघालं.

ते जर्मनीशी लढाईचं वर्ष. घरात जर्मन बोलणाऱ्यांवर अमेरिकेतल्या साऱ्या आयोवा राज्याचा डोळा होता. एका शनिवारी, भरबाजारात, याच कोर्टाच्या पायऱ्यांवर तिच्या बापाला, हाइनरिक वेसेलला, गुडघ्यांवर बसवून अमेरिकेच्या झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं. गद्दाराची खूण म्हणून डोक्यावर पिवळा रंग ओतला. तो कैसरसाठी, जर्मनीच्या बादशहासाठी प्रार्थना करतो, असं कुणीतरी गावच्या युद्धसमितीला कळवलं होतं. कुणी, ते लपून राहिलं नाही. बांधाला बांध लागून असलेला शेजारी लायल टॉलिव्हर गर्दीतून पुढे आला आणि म्हणाला, "मी."

त्यानंतर चाळीस वर्षं दोन घरांत शब्द नव्हता. आई गेली तेव्हा टॉलिव्हरने आणलेलं जेवण हाइनरिकने डुकरांपुढे टाकलं. समोरून टॉलिव्हर आला की ओटिली रस्ता ओलांडायची. गेल्या हिवाळ्यात बाप गेला, तोही त्याला शिव्या देतच.

पाकिटात एकच कागद होता. शाळेच्या वहीचा, रेघांचा.

"आमच्या घरची संध्याकाळ. पप्पा जर्मनमध्ये प्रार्थना करतात. ते म्हणतात, कैसरच्या शिपायांनाही आया असतात. मग पप्पा रडतात."

खाली नाव होतं. ओटिली वेसेल, इयत्ता चौथी. बाजूला बाईंनी लिहिलं होतं, फार छान. त्यावर समितीचा शिक्का.

भर दुपारी कचेरीला कुलूप लावून ती टॉलिव्हरकडे गेली. म्हातारा ओसरीत वाटाणे सोलत होता. तिने कागद पुढे धरला. त्याने चष्मासुद्धा शोधला नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"समितीत होतो मी. बाईंनी आणून दिला तेव्हा तिथंच बसलेलो." नको म्हणालो, पण एकट्याचं कोण ऐकतो, असंही तो खालच्या आवाजात म्हणाला.

ओटिली पायरीवर बसली. त्या शनिवारचा तिला फक्त रंग आठवत होता. बापाच्या कानामागून ओघळणारा.

"मग स्वतःचं नाव का घेतलंत?"

टॉलिव्हरने मांडीवरचं भांडं खाली ठेवलं.

"तुझा बाप गर्दीत एकेकाच्या तोंडाकडे बघून विचारत होता, कुणी सांगितलं म्हणून. तू अगदी पुढे उभी होतीस." त्याने तिच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. "आणि पोरी, शाळेत करतात ना, तसा तू हात वर करत होतीस."