चार चौकटी

एकाच वर्गातल्या दोघांनी संसार मांडला की एकाचा अभ्यास टेबलावर होतो आणि एकीचा पाळण्याशी, असं ताईने तिला लग्नाआधीच बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. आमच्यात तसलं काही नाही गं, म्हणाली होती.

आता तिचा फॉर्म सरांच्या हातात होता आणि अख्खा वर्ग मागे वळून तिच्याकडे बघत होता.

डॉक्टरकीचा अभ्यास मुलं कशी करतात आणि मुली कशा, याची सरांनी पाहणी केली होती. वाचून, ऐकून, बोलून की हात लावून, अशा चार चौकटी. आवडेल तिथे खूण करायची. बहुतेक मुलांनी एकच निवडली होती. मुलींनी दोन-दोन, तीन-तीन. तिने चारही. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं : दूध पाजताना ऐकून, झोपवताना बोलून, आंघोळ घालताना बाळाची हाडं चाचपून, भांडी घासताना नळावर चिकटवलेला कागद वाचून.

सर खूश होते. मुलींचं डोकं एका वेळी चार वाटांनी चालतं, हा घ्या पुरावा, म्हणाले. मधूनच कुणीतरी या पद्धतीला ‘पाळणाघर पॅटर्न’ असं नाव देऊन टाकलं. वर्ग हसला. तीही हसली. मागच्या चाचणीत ती बालरोगातच नापास झाली होती, हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. परीक्षा आठ दिवसांवर आली होती. या खेपेला विषय राहिला तर वर्ष जाणार. तो डॉक्टर होऊन पुढे जाणार आणि ती याच बाकावर.

“पण या चारांत तुला आवडते कुठली?” सरांनी विचारलं.

ती उभी राहिली. प्रश्न सोपा होता.

“माहीत नाही, सर. बाळ झाल्यापासून एका जागी बसून बघितलंच नाही.”

या वेळी कुणी हसलं नाही. तिसऱ्या रांगेत नवऱ्याने मान खाली घातली. त्याच्या फॉर्मवर एकच खूण होती, वाचून. पुढे त्याने लिहिलं होतं, एकट्याने, शांततेत.

घरी येताना तो दोन पावलं पुढेच चालत राहिला. घरचं चारचौघांत बोलायला नको होतं, असं तिला सारखं वाटत राहिलं. शेजारच्या काकूंकडून बाळ त्यानेच घेतलं. टेबलावरची स्वतःची पुस्तकं उचलली, तिचं बालरोगाचं पुस्तक तिथे ठेवलं, तिला खुर्चीत बसवलं आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

ती तीनदा उठली. दुपटं ओलं असेल. भूक लागली असेल. आवाज का येत नाही? तिसऱ्यांदा दाराला कान लावला तेव्हा पलीकडून तो म्हणाला की दोघंही जिवंत आहेत, वाच.

मग ती बसली. मान वर केली तेव्हा दोन तास झाले होते आणि पाच धडे डोक्यात जसेच्या तसे होते. तिने पेन्सिल घेतली आणि पुस्तकाच्या कोऱ्या पानावर हळूच लिहिलं : वाचून. एकट्याने, शांततेत.

तिने दार उघडलं. तो बाळाला खांद्यावर टाकून खोलीभर फेऱ्या मारत होता. तिसऱ्या महिन्यात मान धरतं, आठव्यात आधाराशिवाय बसतं, असं अंगाईच्या चालीवर म्हणत होता. बाळ कधीच झोपलं होतं.

“तुला कधीपासून असा अभ्यास आवडायला लागला?” तिने विचारलं.

तो थबकला. बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“आवडतंय कुठे? हात रिकामे नाहीत म्हणून.”

तुमच्याही घरात कुणी चालता-बोलता शिकत असेल. तिला तसंच जमतं, असं तुम्हीही म्हणत असाल. एवढं वाचून झालं की उठा, आणि तिचे हात रिकामे आहेत का, तेवढं बघून या.