कुठं तटलंय

"एबीसीडीप्रमाणे लाव," विश्वजीतसर म्हणाले. "सगळीकडं तसंच असतं."

ब्राह्मीसमोर टेबलावर कागद पसरले होते. साखर कारखान्याचं नेटवर्क बिघडलं की कॉम्प्युटरवर ज्या कमांड टाईप करायच्या, त्यांची माहिती. एका कागदावर एक कमांड. हंगाम सुरू व्हायच्या आत सगळं नीट लावून छापायचं होतं.

"धैर्यशीलना यावरून जमलं तर ठीक," सर म्हणाले. "नाहीतर यंदा त्यांना गेटवर बसवू. काय करणार?"

धैर्यशील तिथंच खुर्चीत बसले होते. ऐकू येत होतं, कळतही होतं.

लष्करात सिग्नलमध्ये नोकरी करून ते कारखान्यात आले होते. या कमांड ब्राह्मीला त्यांनीच शिकवल्या. श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सुधारले, पण नावं गेली. वस्तू ओळखायची, ती कशाला लागते ते कळायचं. नाव तेवढं जिभेवर यायचं नाही.

दुपारी कारखान्याच्या कोरेगावच्या गट ऑफिसची नेटवर्कची लाइन बंद पडली.

"बघा तुम्ही," सर धैर्यशीलना म्हणाले.

ब्राह्मीनं कागद एबीसीडीप्रमाणे लावून त्यांच्यापुढं ठेवले. धैर्यशीलनी पहिला उलटला, दुसरा उलटला. शेवटापर्यंत गेले आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. सर घड्याळाकडं बघत होते. त्यांनी तिसऱ्यांदा गठ्ठा हातात घेतल्यावर ब्राह्मीनं तो हळूच काढून घेतला.

"दादा, काय पाहिजे तुम्हाला?"

धैर्यशीलनी बराच वेळ पडद्याकडं पाहिलं.

"त्ये... कुठं तटलंय त्ये दावतंय. त्ये."

तिनं ट्रेसराउट या कमांडचा कागद पुढं सरकवला. त्यांनी एकदा वाचला. मग बोटं आपोआप चालली. पडद्यावर ओळी येत गेल्या आणि मध्येच उत्तराऐवजी नुसत्या चांदण्या दिसायला लागल्या.

"आपलं बरोबर हाय," ते म्हणाले. "साताऱ्याच्या फुडं तटलंय."

सरांनी साताऱ्याला फोन लावला. तिथून कोरेगावला जोडणारा नेटवर्कचा डबा बंद पडला होता. तो चालू केल्यावर कोरेगाव लागलं. धैर्यशीलनी हात मांडीवर ठेवले.

ब्राह्मीनं पेन उघडलं. ट्रेसराउटच्या कागदावर वर मोठ्या अक्षरात लिहिलं : कुठं तटलंय. मग दुसरा कागद त्यांच्यापुढं धरला.

"आणि हे?"

"हाक मारतंय. हाय का न्हाई बघतंय."

तिनं तेच लिहिलं. असं करत संध्याकाळ झाली. कमांडची नावं खाली गेली, वर त्यांची कामं आली.

सरांनी गठ्ठा चाळला. "कारखान्याच्या कागदात हे असलं?"

"ज्याला नाव माहीत आहे तो हे उघडणारच नाही, सर."

सरांनी गठ्ठा परत तिच्यापुढं ठेवला. "छाप," म्हणाले. "आणि यंदा हे इथंच बसू देत."

ब्राह्मीनं प्रिंटर चालू केला.

धैर्यशीलना न्यायला क्रांतीवहिनी आल्या. दारात चपला काढून आत आल्या, नवऱ्याचा डबा पिशवीत टाकला. ब्राह्मीनं त्यांना दिवसभरातलं सांगितलं. त्या मान हलवत ऐकत होत्या.

धैर्यशील उठले. आज बोलणं जमतंय असं वाटलं असावं त्यांना. बायकोकडं हात करून ते सरांना म्हणाले, "ही... ही मला न्ह्याला येती. ती."

ब्राह्मीनं खाली बघितलं. प्रिंटरमधून कागद पडत राहिले.

वहिनींनी पिशवी खांद्याला लावली.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंनी जल्मात मामंजींचं नाव घेतलं न्हाई. संसार झालाच की."