डावीकडून उतर

बाबा गेले तेव्हा त्यांच्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन दुरुस्तीला उतरवलेलं होतं. ते अजून मेकॅनिककाकांच्या टेबलावर सुटं पडलं आहे. आमच्या शेडमध्ये नुसता सांगाडा उभा आहे. आई अजून रडलेली नाही. गाडी नजरेआड झाली तर आई रडून मोकळी होईल, असं वाटून मी गिऱ्हाईक शोधलं आणि आज सकाळी गाडी पुसायला घेतली.

सायलेन्सर गरम होता.

ऊन पलीकडच्या भिंतीवर होतं. मी हात काढला, पुन्हा ठेवला. इंजिनाला जोडायच्या नळीचं तोंड उघडं होतं आणि त्यावर कोळ्याचं जाळं शाबूत होतं. उष्णतेबद्दल शिकलेलं सगळं आठवून पाहिलं. काहीच लागू पडेना.

पूर्वी गाडी थांबली की बाबा मागे न बघता म्हणायचे, "डावीकडून उतर गं, उजवीकडे तापलंय." तरी आई एकदा विसरलीच. तिच्या पोटरीवरच्या डागाला ते "राणीसरकारांचा शिक्का" म्हणायचे.

आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती.

"गिऱ्हाईकाला नको म्हणून सांग," ती म्हणाली.

"का गं?"

ती उजव्या पोटरीला मलम लावत होती. जुन्या डागाशेजारी ताजा, पाणी भरलेला फोड होता.

"उतरताना विसरले," ती सपाट आवाजात म्हणाली. "हल्ली ते काही बोलतच नाहीत."